एकटीच्या नावाचा पेपर

विभागातले सगळे त्यांना बारीकबाई म्हणत. अंगाने त्या चांगल्या भरलेल्या होत्या. बारीक होती ती नजर. दुसऱ्याच्या पेपरातला तक्ता त्या खडे निवडायला बसल्यासारख्या वाचत. "तिसऱ्या ओळीतल्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जातेय," हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. ज्यांना ऐकवलं त्यांनीच त्यांचं हे नाव पाडलं, आणि तेच लोक आपला पेपर पाठवायच्या आधी गुपचूप त्यांच्या टेबलाशी येऊन "बाई, जरा नजर टाकता का?" म्हणत. बाई नजर टाकत. पेपर छापून आला की आभाराच्या ओळीत सगळ्यांची नावं असत, अगदी संगणक दुरुस्त करून देणाऱ्याचंसुद्धा, आणि बाईंचं नेमकं राहून जाई.

विभाग मानसशास्त्राचा होता. लांबलचक बोळ, बोळाच्या एका टोकाला अडगळीची खोली, दुसऱ्या टोकाला प्रमुखांची, आणि मधे ओळीने शिकवणाऱ्यांच्या खोल्या. माणसाला दिसतं कसं, ऐकू येतं कसं आणि काय नुसतंच वाटतं, यावर इथे संशोधन चाले. पाण्याच्या यंत्राखाली कायम साचलेलं पाणी मात्र त्यांतल्या एकाच्याही नजरेला पडत नसे. सगळे विद्वान त्यावरून उडी मारून जात.

प्रमुखांना मोठे सर म्हणत. त्यांच्या नावावर इतके पेपर होते की त्यांतले निम्मे जरी त्यांनी वाचले असते तरी त्यांना विषयाची बऱ्यापैकी माहिती झाली असती. विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेपरावर पहिलं नाव त्यांचं. ही रीत कोणी घातली कोणास ठाऊक. नळाला पाणी यावं तसं ते नाव यायचं. दुसरं नाव सरांच्या जावयाचं. जावई याच विभागात शिकवत, म्हणजे हजेरी घेत. आणि ज्याने खरोखर काम केलं त्याचं नाव तिसरं. काम दोघांनी केलं असेल तर चौथं.

बारीकबाई अशा कित्येक पेपरांत तिसऱ्या होत्या. लग्न होऊन नव्या घरात आल्या तेव्हा त्या हंगामी शिक्षिका होत्या, मुलगी झाली तेव्हाही हंगामी, आणि आता मुलगी उंचीने त्यांच्या खांद्याला लागली तरी हंगामीच. दरवर्षी सुट्टी लागली की त्यांची नोकरी संपे आणि सुट्टी संपली की पुन्हा सुरू होई. मधल्या दिवसांत त्या घरी बसून पुढच्या वर्षीच्या तासांची तयारी करत, अर्थातच फुकट. मोठे सर म्हणत, "बाई, तुम्ही तर आमच्या घरातल्याच." घरातल्या माणसाला पगार कोण देतो?

अशात एक जागा कायम व्हायची ठरली. अट एकच होती. माणसाच्या संवेदनांवरचं जे एक मोठं, मानाचं जर्नल होतं, त्यात उमेदवाराचा एक तरी पेपर पहिल्या नावाने हवा; छापलेला नसला आणि नुसता सुधारणेसाठी परत आलेला असला तरी चालेल. उमेदवार दोन होते, बारीकबाई आणि जावई. निवड समितीचे अध्यक्ष मोठे सर होते, आणि त्यांनी यंदा एका पेपरात आपलं नाव मोठ्या मनाने दुसऱ्या जागी सरकवून जावयांना पुढे घेतलं होतं. तो पेपरही बाईंनीच लिहिला होता, हे सांगायला नकोच; जर्नलकडून त्याचं उत्तर मात्र अजून यायचं होतं.

मग बाईंच्या मनाने घेतलं की एक पेपर करायचा तो सगळा एकटीने. विषय त्यांना शोधावा लागला नाही. साहेबाने चष्मा बदलला की अख्खं ऑफिस "छान दिसतोय हो" म्हणतं. केर काढणाऱ्या बाईने केस अर्धे कापले तरी महिनाभर कोणाला पत्ता नसतो. वरच्या माणसातला बदल पटकन दिसतो आणि खालच्या माणसातला दिसत नाही. हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आकड्यांनी सिद्ध केल्याशिवाय तिला ज्ञान म्हणायची पद्धत नाही.

प्रयोग साधा होता. एका माणसाचे दोन फोटो काढायचे, दुसऱ्यात काहीतरी लहानसं बदलायचं: चष्मा, भांग, शर्टाची कॉलर. ते पडद्यावर आलटून पालटून दाखवायचे, मधे क्षणभर कोरा पडदा. बघणाऱ्याला आधी सांगून ठेवायचं की हा तुमचा साहेब, किंवा हा तुमच्या हाताखालचा. फरक सापडायला किती वेळ लागतो ते यंत्र मोजणार. फोटोंसाठी बाईंनी विभागातलीच माणसं धरली. जी साहेब वाटतील त्यांना साहेब केलं आणि मोठ्या सरांच्या खोलीत, मोठ्या खुर्चीत, मोठ्या खिडकीपाशी बसवलं. उरलेल्यांना बोळात उभं केलं. मोठे सर स्वतः साहेब म्हणून बसले, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. हे सगळं कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. "डावी बाजू घ्या, ती चांगली येते," एवढंच म्हणाले. जावयांनीही साहेबच व्हायचा हट्ट धरला. बोळात उभे राहायला कचेरीतले कारकून आणि संख्याशास्त्र शिकवणारे मास्तर सोडून फारसं कोणी तयार होईना.

आकडे असे आले की बाईंनी ते दोनदा तपासले. मास्तरांकडूनही तपासून घेतले. साहेबांमधला फरक लोकांना झटकन सापडत होता आणि खालच्यांमधला शोधता शोधता त्यांचे डोळे दुखत होते. मास्तर म्हणाले, "बाई, हा छापून आला तर आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील." मग कागद परत देत म्हणाले, "पाठवा."

पण पाठवणं म्हणजे काही टपालपेटीत पाकीट टाकणं नव्हे. त्या जर्नलची नियमावली बाईंच्या पेपरापेक्षा जाड होती. समास केवढा, तक्त्याच्या रेघा आडव्या की उभ्या, फोटोखाली ओळी किती, सगळं लिहिलेलं. प्रयोगात कोणाला इजा झाली नाही असं एक प्रतिज्ञापत्र, आपण कोणाचं चोरलं नाही असं दुसरं, आणि तिसरं कशाचं होतं ते संपादकांनाही ठाऊक नसावं. शिवाय पेपरात लेखकाचं नाव कुठेही येता कामा नये, कारण परीक्षकाने पेपर बघावा, माणूस बघू नये. फार उदात्त कल्पना! परीक्षक बऱ्याचदा पेपरही बघत नाहीत, हा भाग निराळा.

नाव द्यायचं ते फक्त अर्जाच्या पानावर, जे परीक्षकाला दिसत नाही. बाईंनी तिथे आपलं नाव घातलं. संगणकाने विचारलं, आणखी लेखक? बाईंचं बोट सवयीने "होय"वर गेलं होतं. त्यांनी ते उचललं आणि "नाही"वर ठेवलं. मग त्या नुसत्याच त्या एका ओळीकडे बघत बसल्या, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

घरी सासूबाईंनी दारातच विचारलं, "गेलं का तुझं ते पार्सल?"

"गेलं, आई."

"परत येईल का गं?"

"येतं कधीकधी."

"मग पत्ता नीट घालायचा होतास," सासूबाई म्हणाल्या.

आता मोठ्या सरांच्या दुसऱ्या एका रीतीबद्दल सांगायला हवं. असली जर्नलं आलेले पेपर त्या त्या विषयातल्या जाणत्यांकडे परीक्षणाला पाठवतात. मोठे सर जाणते म्हणून यादीत होते, तेव्हा त्यांच्याकडे पेपर येत. आलेला पेपर ते कारकुनाकडून छापून घेत, बारीकबाईंना बोलावत आणि म्हणत, "जरा नजर टाका." बाई दोनतीन पानांचं परीक्षण लिहून देत. सर ते वाचत नसत, पण त्याच्या तळाशी स्वतःच्या हाताने एक ओळ घालत: लेखकाने पुढील महत्त्वाच्या संशोधनाची दखल घेतलेली नाही. आणि खाली स्वतःचे चार पेपर. परीक्षकाचं नाव गुप्त असतं म्हणे. त्या चार पेपरांवरून जगभर ज्याला त्याला कळे की हे कोणाचं काम.

बाईंचा पेपर गेल्यावर काही आठवड्यांनी सरांनी त्यांना असंच बोलावलं. टेबलावरचा कागदांचा गठ्ठा एका बोटाने पुढे सरकवला.

"हा घ्या. विषय तुमच्याच वळणाचा दिसतोय. साहेब, हाताखालचे, कोण कोणाला बघतो, असलं काहीतरी. मला तर मथळ्यालाच जांभई आली."

बाईंनी मथळा वाचला. पुन्हा वाचला. खुर्चीचा हात धरला.

"सर, हा..."

"माहितेय, तुम्हाला वेळ नाही. पण पुढच्या आठवड्यापर्यंत द्या. आणि सोडू नका हं त्याला! हल्ली कोणीही उठतो आणि पेपर लिहितो."

एकाच विभागातल्या माणसाचा पेपर त्याच विभागात परीक्षणाला येत नाही, संपादक तेवढं बघतात. पण मोठे सर तरुणपणी दूरच्या एका नामांकित विद्यापीठात वर्षभर पाहुणे म्हणून राहून आले होते, आणि जर्नलच्या यादीत त्यांनी तेव्हापासून तोच पत्ता ठेवला होता. तो जास्त शोभून दिसे. त्या शोभेपायी बाईंचा पेपर सगळं जग हिंडून बोळाच्या या टोकाकडून त्या टोकाला आला. सरांनी नुसतं पान उलटलं असतं, तरी त्यांना चौथ्या पानावर स्वतःची डावी बाजू दिसली असती.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बाईंनी सगळी हकिकत सांगितली. त्यांचे यजमान इमारतींचे नकाशे काढत. माणूस शांत, पण आता पोट धरून हसायला लागले.

"म्हणजे तुझाच पेपर तूच तपासायचा? अगं, लोक आयुष्यभर देवाकडे हे मागतात!"

"अहो, हसताय काय? नियमाने संपादकांना कळवायला हवं."

"मग कळव."

"काय कळवू? की आमचे सर आलेले पेपर स्वतः बघत नाहीत, माझ्याकडून लिहून घेतात? उद्यापासून मला विभागात पाणी तरी मिळेल का?"

सासूबाईंनी भाजी चिरता चिरता निकाल दिला. "तुझ्याच हाती आलंय तर पास कर आणि मोकळी हो. दुसऱ्यांना नापास करून पुण्य थोडं का मिळवलंयस!"

बाईंना ते पटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच पटलं. कायम जागा आणि त्या यांच्यात आता दोन पानांचं परीक्षण तेवढं उरलं होतं, आणि लेखणी त्यांच्याच हातात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या खोलीत बसून त्यांनी लिहायला घेतलं: "प्रस्तुत लेख अत्यंत मोलाचा आहे." एवढं लिहून झाल्यावर पुढे काय लिहावं तेच सुचेना. कोणाची स्तुती करायची त्यांना सवयच नव्हती. स्तुतीत पुढचं वाक्य काय असतं ते बघायला त्यांनी शेवटी पेपर उघडला.

परीक्षण करायची बाईंची एक पद्धत होती. त्या आधी मजकूर वाचत नसत. मजकूर म्हणजे लेखकाची वकिली, असं त्यांचं म्हणणं. जाड कागदाची एक पट्टी घेऊन त्या सगळा मजकूर झाकत आणि नुसती चित्रं बघत. चित्र काय सांगतं ते आपलं आपण ठरवायचं, मग पट्टी काढून लेखक काय म्हणतो ते बघायचं. कितीतरी पेपर त्यांनी या पट्टीने पाडले होते. आपला स्वतःचा पेपर मात्र त्यांनी पट्टी ठेवून कधी पाहिला नव्हता. तो त्यांना पाठच होता, झाकायचं कशाला?

हात सवयीने चालला. पट्टी ठेवली गेली. चौथ्या पानावर फोटोंच्या दोन ओळी होत्या, वर साहेब आणि खाली हाताखालचे.

बाई बघत राहिल्या. वरच्या ओळीत प्रत्येक चेहऱ्यावर एका बाजूने खिडकीचा उजेड पडला होता. नाकाची सावली गालावर, चष्म्याची सावली डोळ्याखाली, भांगाची रेघ कोरल्यासारखी. खालच्या ओळीत बोळातल्या ट्यूबांचा उजेड पांढऱ्या भिंतींवरून सगळीकडून सारखा पसरलेला. सावली नावालाही नाही, चेहरे नुकत्याच लाटलेल्या पोळीसारखे सपाट. असल्या चेहऱ्यावर चष्मा आला काय आणि गेला काय! फोटोंचा उजेड त्यांनी संगणकावर सारखा करून घेतला होता, पण तो सरासरीने. सावल्या कुठे सरासरीत धरतात?

म्हणजे लोकांना साहेब दिसत होता की नुसती सावली दिसत होती, हे त्या पेपरावरून कोणालाच सांगता आलं नसतं. दुसऱ्या कोणाचा पेपर असता तर बाईंनी हे चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत पकडलं असतं. आपल्या पेपरात वर्षभर दिसलं नाही. प्रयोग करताना दिसलं नाही, लिहिताना नाही, वीस वेळा वाचताना नाही. आणि विषय काय, तर माणसाला समोरचं का दिसत नाही!

त्यांना आधी हसू आलं आणि मग रडू आलं. रडू जास्त वेळ टिकलं.

त्या मास्तरांच्या खोलीत गेल्या. मास्तरांनी फोटो बघितले, मग खिडकीकडे बघितलं, मग बोळाकडे.

"मी आकडे तपासले होते," ते म्हणाले. "फोटो नाही."

"मी दोन्ही तपासले होते."

"बाई, दुसरा परीक्षक असेलच ना. त्याला दिसेल तर दिसेल. तुम्ही कशाला आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेता?"

हे ऐकून बाई परत आपल्या टेबलाशी आल्या. दुसऱ्या परीक्षकाला दिसणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे टिपणारी एकच नजर त्यांच्या ओळखीची होती. मोलाचा वगैरे लिहिलेला कागद त्यांनी फाडला. धर्मराजाचा अवतार वगैरे काही नव्हत्या त्या. त्यांना इतकंच झालं होतं की आता ती चूक दिसायची थांबेना. दिसलेलं न दिसल्यासारखं करायला अंगात एक मोठेपणा लागतो, तो त्यांच्यात नव्हता.

परीक्षण लिहायला त्यांना कधी नव्हे एवढा वेळ लागला. दोष सांगणं सोपं होतं. अवघड होतं ते एक वाक्य, ज्याच्यापुढे लेखकाला पळायला जागा राहणार नाही आणि तरी त्याचा अपमानही होणार नाही. दुसऱ्यांसाठी लिहिताना त्या अपमानाची एवढी काळजी करत नसत. शेवटी ते वाक्य असं झालं: "लेखकाने उजेडाची बेरीज केली आहे, पण उजेड कुठून येतो हे पाहिलेलं नाही, त्यामुळे हा लेख माणसाच्या नजरेविषयी काही सांगतो की खोलीच्या खिडकीविषयी, हे ठरवता येत नाही." पुढे लिहिलं, तोच माणूस एकदा साहेब आणि एकदा हाताखालचा म्हणून, एकाच उजेडात दाखवावा आणि प्रयोग पुन्हा करावा.

सरांनी तळाशी आपले चार पेपर घातले आणि पाठवून दिलं.

बाईंचा पेपर परत आला. दुसऱ्या परीक्षकाला तो फार आवडला होता. त्याने फक्त तीन ठिकाणी स्वल्पविराम मागितले होते. पण संपादकांनी पहिल्या परीक्षकाचं म्हणणं जसंच्या तसं उद्धृत करून लिहिलं होतं की प्रयोग पुन्हा करून, पेपर सुधारून पाठवावा. मोठ्या सरांचे चार पेपर वाचण्याची शिफारसही होती.

"आलं का पार्सल?" सासूबाईंनी विचारलं.

"आलं, आई. सुधारायला सांगितलंय."

"कोणी?"

"मीच."

सासूबाईंनी पुढे विचारलं नाही. सुनेच्या डोक्यावर परिणाम झाल्याची शंका त्यांना फार दिवसांपासून होती.

तरी अजून सगळं बुडालं नव्हतं. सुधारणेसाठी परत आलेला पेपर चालेल, असं नियमातच होतं. बाईंनी संपादकांचं पत्र निवड समितीच्या अर्जाला जोडायचं आणि तोंड मिटून बसायचं, एवढंच बाकी होतं. पत्रावर फक्त त्यांचं नाव होतं, आणि ते सरांना एक ना एक दिवस दिसणार होतं. पण अर्जाला जोडलेले कागद सर कधी उघडून बघत नसत, आणि त्यांना कळेपर्यंत जागा पदरात पडली असती. तोंड मिटून बसण्याचा सराव त्यांना दांडगा होता. अर्ज भरून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला.

त्याच आठवड्यात विभागाची नेहमीची बैठक होती. मोठ्या सरांची खोली, मोठी खिडकी, भोवती सगळे. सर फुललेले दिसत होते. जर्नलच्या संपादकांनी त्यांना आभाराचं वेगळं पत्र पाठवलं होतं: असं परीक्षण आजकाल वाचायला मिळत नाही.

"परीक्षण कसं लिहावं हे तुम्हा तरुणांना कोणी शिकवत नाही," सर म्हणाले. "आज मी शिकवतो." आणि त्यांनी ते वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदाच वाचत होते, त्यामुळे अधूनमधून अडखळत होते.

"लेखकाने म्हणे साहेब लोकांचे फोटो खिडकीपाशी काढले, आणि हाताखालच्यांचे बोळात!" सरांनी कागद खाली केला. "आता मला सांगा, कोणता शहाणा असं करेल? आणि ज्याने आपली खिडकी त्याला दिली, त्याला काय म्हणावं?"

कारकुनांनी खिडकीकडे बघितलं. मास्तरांनी जमिनीकडे बघितलं. हळूहळू एकेक मान वळू लागली, खिडकीकडे, खुर्चीकडे, मग बारीकबाईंकडे. त्या खोलीतल्या प्रत्येकाने त्या फोटोंसाठी कॉलर सरळ केली होती. जावयांनी आ वासला.

"सर, एक मिनिट, ते फोटो..."

"मधे बोलू नका हो. शिका जरा. या माणसाला स्वतःच्या नाकासमोरचं दिसत नाही, आणि निघालाय दृष्टीवर पेपर लिहायला! माझ्या विभागात असता ना, तर उभा केला नसता." सर खुशीत हसले. "आणि आता हे वाक्य ऐका. लेखकाने उजेडाची बेरीज केली आहे, पण..." त्यांनी ते वाक्य सावकाश, चवीने, शेवटपर्यंत वाचलं. "या एका वाक्यापायी मला दोन दिवस झोप नव्हती!"

मूर्ख म्हटलेलं बाईंनी गिळलं असतं. चूक त्यांची होतीच. तिसरं नाव त्यांनी इतकी वर्षं गिळलं होतं. पण ते वाक्य लिहिताना त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःची जागा पणाला लावली होती, आणि आता त्यापायी मोडलेली झोपही दुसऱ्याच्याच नावावर गेली होती. त्यांना राग आला. इतका साधा, इतका लख्ख राग त्यांना कधी आला नव्हता. उभं राहिलं की कायम जागा गेली आणि बहुधा हंगामीही गेली, हे त्यांना चांगलं कळत होतं. त्या उभ्या राहिल्या.

"सर, तो पेपर माझा आहे."

मास्तरांनी जमिनीवरची नजर वर केली.

"आणि ते परीक्षणही मीच लिहिलंय, सर. नेहमीसारखं. आज संपादकांना तसं कळवणार आहे."

मोठ्या सरांनी हातातल्या कागदांकडे बघितलं. मग परीक्षणाबरोबर बाईंनी परत दिलेला पेपराचा गठ्ठा ओढून घेऊन त्यांनी पानं उलटली, आणि चौथ्या पानाशी थांबले. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस ओरडेल, किंवा निदान शरमेल. त्यांनी स्वतःचा फोटो बराच वेळ बघितला. मग मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता; कोणीतरी जेवणाच्या पंगतीतून उठवल्यासारखं खरंखुरं दुःख होतं.

"पण बाई," ते म्हणाले, "मग यात माझं नाव का नव्हतं?"

इतकी वर्षं त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला बाई "हो सर" म्हणत आल्या होत्या. या प्रश्नाला ते उत्तर बसत नव्हतं.

"सर, मला एक तरी पेपर असा हवा होता," त्या म्हणाल्या, "की ज्यातली चूक माझी असेल."

सरांना ते समजलं असं दिसलं नाही. बाईंनी त्यांच्यासमोरचा गठ्ठा उचलला, पानं सारखी केली आणि काखेत धरून त्या बोळात गेल्या.